डेअरीतला मुक्काम

खडकगव्हाणच्या लोकांनी आयुष्यात पहिलं बेट पाहिलं ते स्वतःच्याच शिवारात. धरण झालं, जुनं गाव उठून माळावर गेलं, पाणी चढत चढत आलं आणि बिरोबाची टेकडी तेवढी बुडायची राहिली. तिला बेट म्हणायचं कुणाच्या मनात आलं नाही. बरीच वर्षं ती टेकडीच होती. देवाला जायला होडी लागायची, एवढाच फरक. बेट हा शब्द विठ्ठलरावांनी आणला.

विठ्ठलराव त्या भागातले मोठे बागायतदार आणि तालुक्याच्या दूध संघाचे अध्यक्ष. संघाच्या संचालकांचा एक अभ्यासदौरा थायलंडला गेला होता. दुधाचा काय अभ्यास झाला ते कुणी सांगितलं नाही, पण विठ्ठलरावांनी तिथं समुद्रातलं एक बेट पाहिलं, त्यावरच्या झोपड्या पाहिल्या आणि त्या झोपड्यांत राहायला लोक कुठून कुठून येतात तेही पाहिलं. टेकडीचा माथा धरणात गेला नव्हता. तो अजून त्यांच्याच सातबाऱ्यावर होता. पुण्याची एक पार्टी भागीदार म्हणून मिळाली. बघता बघता टेकडीवर लाल कौलांच्या खोल्या उभ्या राहिल्या, कोकणातून ट्रकनं नारळाची झाडं आली, पोहायचा निळा हौद झाला आणि काठावर कमान लागली. गावातले लोक त्याला रिसाट म्हणू लागले.

रिसाटच्या बोटीवर धुळाजीला ठेवलं. धुळाजी धनगराचा, पण भोयांच्या संगतीनं होडी शिकलेला. पाण्याच्या मधे पोहायला हौद कशाला, असं त्यानं मॅनेजरला एकदा विचारलं होतं. धरणाचं पाणी हिरवट दिसतं, पाहुण्यांना निळं लागतं, असं त्याला सांगण्यात आलं. त्यानं पुन्हा विचारलं नाही. त्याला पांढरा सदरा आणि टोपी मिळाली होती, महिन्याच्या महिन्याला पगार होता, आणि त्या साली गावात पगार घेणारी माणसं फार नव्हती.

धुळाजीची थोरली भावजय भिवराबाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी सिरसाळ्याला दिलेली. गावच्या महिला दूध संस्थेची ती चेअरमन होती. संस्था चांगली चालायच्या काळात बायकांनी शेअर गोळा करून, स्वतः माती-विटा वाहून दूध थंड ठेवायची इमारत बांधली होती. जाड भिंती, आत पांढरी फरशी, थंड खोलीला वीतभर जाडीचा दरवाजा. विठ्ठलरावांच्याच हस्ते तिचं उद्घाटन झालं होतं. मग दुष्काळ पडला. जनावरं आधी छावणीत गेली, मग नेकनूरच्या बाजारात गेली, आणि दूध बंद झालं. संघानं यंत्र उचलून नेलं. इमारत राहिली. भिवराबाई दर शुक्रवारी कुलूप काढून ती झाडून घ्यायची. दूध नव्हतं तरी चेअरमन ती होती.

एका हिवाळ्यात, संध्याकाळी शेरडं घेऊन परत येताना तिला रिसाटच्या कमानीखाली एक जोडपं बसलेलं दिसलं. पोरीच्या हातावरची मेंदी अजून पुरती गेली नव्हती. शेजारी नवी कोरी सूटकेस होती. वडवणीची शेवटची एसटी निघून गेली होती.

"कुठल्या गावचे तुमी?" भिवराबाईनं विचारलं.

"गंगाखेडचे," पोरगा म्हणाला. त्याचं नाव रामकिसन, धंदा शिलाईचा.

"आन् हितं कुनाकडं?"

"कुनाकडं न्हाई, मावशी. बेटावर आलतो."

"मंग हितं बसलाव कावून?"

रामकिसननं सूटकेस जवळ ओढली. त्यानं मोबाइलवर बेटाचा फोटो पाहिला होता; फोटोखाली दर लिहिलेला नव्हता. त्याच्या बायकोनं, अनसूयानं, सांगून टाकलं.

"त्यांनी एका दिवसाचं जे सांगितलं ना मावशी, तेवढ्यात आमचं लगीन झालं."

भिवराबाई हसली नाही. तिनं शेरडं आधी पुढं जाऊ दिली. तिचं घर म्हणजे एक खोली आणि पुढं पडवी, पडवीत शेरडं. नव्या नवरा-नवरीला तिथं नेऊन ठेवायचं तिला बरं दिसेना.

"चला," ती म्हणाली. "झोपायला जागा हाय. दुधाची हाय, पन धुतलेली हाय."

तिनं डेअरी उघडली. स्वतःची बाज आणली, शेजारच्या छबुबाईची आणली. छबुबाई संस्थेची सचिव आणि भिवराबाईची लहानपणापासूनची जोडीदारीण. दोघी एकाच गावच्या माहेरवाशिणी. तिनं पिठलं टाकलं, भिवराबाईनं भाकरी केल्या. सकाळी धुळाजीनं कामावर जायच्या आधी भोयांची होडी मागून आणली आणि दोघांना बेटाभोवती फिरवून आणलं. अनसूया हात पाण्यात सोडून बसली होती. बेटावरच्या एका खोलीपुढं एक बाई खुर्चीत बसून चहा पीत होती. तिनं हात हलवला, अनसूयानंही हलवला.

एका रात्रीसाठी आलेली ती दोघं तीन दिवस राहिली. डेअरीच्या खिडक्यांना पडदे नाहीत हे रामकिसनच्या पहिल्याच रात्री लक्षात आलं होतं. त्यानं छबुबाईच्या सुनेची मशीन मागितली, जुन्या लुगड्यांचे पडदे शिवले आणि तारेवर ओवून लावले. जाताना त्यानं पैसे पुढं केले, तेव्हा भिवराबाई मागं सरली. पाहुण्याकडून पैसे घ्यायचे कसे, हे तिला माहीत नव्हतं. छबुबाईनं हात पुढं करून ते घेतले आणि संस्थेच्या डब्यात टाकले.

गंगाखेडहून ही गोष्ट कुठं कुठं गेली ते सांगता येत नाही, पण माणसं येऊ लागली. सेलूचे एक कंपाउंडर बायको-मुलांना घेऊन आले. मानवतचं एक महिला मंडळ आलं आणि रात्रभर गाणी म्हणत बसलं. हिवाळ्यात पाण्यावर पक्षी उतरतात, त्यांचे फोटो काढायला कॉलेजची पोरं आली. ही सगळी बेट बघायला आलेली माणसं होती आणि बेटावर राहणं त्यांना परवडणारं नव्हतं. बायकांनी स्वयंपाकाच्या पाळ्या लावल्या, गावातून आणखी बाजा गोळा केल्या. शाळेच्या मास्तरांनी दारावर रंगानं लिहून दिलं : डेअरी, मुक्कामाची सोय.

विठ्ठलराव आले ते पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर. जीप बाहेर थांबवून ते एकटेच आत आले आणि बाजेवर बसले. भिंतीवरून हात फिरवून पाहिला.

"गार हाय की अजून."

"हाय, मालक."

"चांगलं चालवलंय म्हणतेत तुमी. इमारत रिकामी पडलेली, मनून मी काई म्हनलं न्हाई. आता रिसॉर्टच्या पोरांना ऱ्हायला जागा पायजे. संस्थेनं ठराव करून ही जागा आमाला द्यावी. भाडं देऊ."

"मंग पाहुन्यांनी कुठं जायचं?"

"बेटावर येतील."

"बेटावर येता येत न्हाई, मनून तर हितं येतेत, मालक."

विठ्ठलराव रागावले नाहीत. ते सहसा रागावत नसत.

"बरं, पान्याचं काय करता?" त्यांनी विचारलं. "टँकर गावाला येतो, भिवराबाई. पाहुन्याला न्हाई. उद्या कुनी अर्ज केला तर मी तहसीलला काय सांगू?"

भिवराबाईनं कोपऱ्यातल्या हंड्याकडं पाहिलं. तिनं संस्थेची सभा बोलावते, एवढंच सांगितलं.

सभा डेअरीतच झाली. इमारत द्यायची नाही, यावर कुणाचं दुमत नव्हतं. धरणाचं हिरवट पाणी वापरायच्या कामाचं नव्हतं, उन्हाळ्यात गाव टँकरवरच असायचं. पाण्याचा विषय निघाला तेव्हा छबुबाई बोलली.

"मालक खोटं बोलले न्हाईत," ती म्हणाली. "माझी सून दोन हंड्यासाठी उन्हात उभी ऱ्हाती. पोटुशी हाय. आन् हितं कुठला कुठला मानूस बादली भरून अंघोळ करायलाय. मला पटत न्हाई."

"मंग बंद करायचं का?" भिवराबाईनं विचारलं.

"ते मी म्हनले न्हाई. मला पटत न्हाई, एवढंच म्हनले."

भिवराबाईला हे लागलं. बाकी कुणी म्हणालं असतं तर तिनं उत्तर दिलं असतं. पण छबुबाईचं म्हणणं खरं होतं आणि ते खरं असल्यामुळंच ते जास्त लागलं. बऱ्याच वेळानं ठरलं ते असं : जिची स्वयंपाकाची पाळी, तिच्या घरच्या पाण्यातून पाहुण्याचं पाणी जाईल. आलेल्या माणसाला दारातच सांगायचं, प्यायला पाहिजे तेवढं आणि बाकी सगळ्याला मिळून एक कळशी. ज्याला जमत नाही त्यानं राहू नये. छबुबाईनं हात वर केला नाही आणि विरोधही केला नाही. दुसऱ्या दिवशी पाळी तिची होती. ती भिवराबाईनं घेतली. पुढं कितीतरी दिवस दोघी एकमेकींशी कामापुरतं बोलायच्या.

कळशीचं ऐकून काही माणसं परत गेली. बरीचशी राहिली. त्यांच्या गावांतही टँकरच होते. विठ्ठलरावांना सभेचा निर्णय कळवला तेव्हा ते ठीक आहे म्हणाले आणि पुन्हा तो विषय काढला नाही. त्याच महिन्यात डेअरीची वीज तुटली. ती कशानं तुटली हे वायरमनला सांगता आलं नाही. भिवराबाईनं कंदील आणले.

त्यापुढचं साल लातूरला आगगाडीनं पाणी नेलं ते. सलग दोन पावसाळे कोरडे गेले होते. खडकगव्हाणचा तलाव काठाकाठानं सोडत मधे मधे सरकत गेला. रिसाटचा लाकडी धक्का दोनदा पुढं न्यावा लागला आणि तिसऱ्यांदा न्यायला पाण्याचा भरवसा उरला नाही. नारळाची झाडं वाळून गेली. पोहायच्या हौदात मात्र निळं पाणी होतं. त्यासाठी खासगी टँकर काठापर्यंत यायचा आणि तिथून नळी टाकलेली होती. गावातल्या बायका हंडे घेऊन उभ्या असायच्या त्या रस्त्यानंच तो टँकर जायचा. कुणी अडवला नाही. एकदा छबुबाईच्या सुनेनं त्याच्यामागं ठिबकणाऱ्या पाण्याखाली तांब्या धरून थोडं अंतर चालून पाहिलं, मग तीही थांबली.

डेअरीतही त्या दिवसांत फारसं कुणी येत नव्हतं. छबुबाईला नातू झाला होता. भिवराबाई बाळाला बघून आली, आणि दोघी तेवढ्यापुरत्या नीट बोलल्या.

"बोट आता सोडू नका," धुळाजीनं मॅनेजरला सांगितलं होतं. "पानी कमरंएवढं ऱ्हायलंय आन् त्येच्या खाली नुसता गाळ हाय."

मॅनेजर म्हणाला, एवढं एक बुकिंग होऊ दे.

ते बुकिंग विठ्ठलरावांचं स्वतःचंच होतं. पुण्याच्या भागीदाराचं कुटुंब आलं होतं, त्यांची लहान मुलं होती, विठ्ठलराव होते आणि त्यांच्या पत्नी गीताबाई होत्या. एक रात्र राहून दुपारी सगळे परत निघाले. काठ हाकेच्या अंतरावर असताना बोटीचं बूड गाळात बसलं. धुळाजीनं वल्हं खाली रोवून पाहिलं, ते सरळ आत गेलं. मग तो ढकलायला उतरला आणि छातीपर्यंत खचला. त्यानं बोटीचा काठ धरला, पण गाळ त्याला खाली ओढत होता. पुण्याचे पाहुणे एका बाजूला सरकले तशी बोट कलली. विठ्ठलराव वाकले, त्यांनी धुळाजीच्या सदऱ्याची कॉलर पकडली, ती फाटली. मग त्यांनी त्याच्या काखेत हात घालून त्याला वर खेचला. तो गाळानं माखलेला बोटीत येऊन पडला.

एप्रिल महिना, डोक्यावर ऊन आणि बोटीला छत नाही. सगळ्यांनी फोन केले. बीडहून माणसं निघतात असं कळलं. बीड जवळ नव्हतं.

भिवराबाई शेरडं घेऊन काठानंच होती. तिनं आधी धुळाजीला गाळात जाताना पाहिलं. तो वर आलेला दिसला तेव्हा ती पळत गावात आली. गावातले पुरुष काठावर गेले, एकानं पाय टाकून पाहिला आणि गुडघ्यापर्यंत जाताच मागं घेतला. दोर टाकला तो पोचला नाही.

"बाजा आना," छबुबाई म्हणाली.

कुणाला कळलं नाही. ती पुन्हा म्हणाली, "डेअरीतल्या सगळ्या बाजा आना. उलट्या टाकायच्या, खूर वर करून. शेणाच्या रेंद्यावर फळी टाकतो तसं."

बाजा आल्या. डेअरीतल्या आल्या, घराघरांतल्या आल्या, कडब्याच्या पेंढ्या आल्या. थंड खोलीचा जाड दरवाजा चौघांनी बिजागरीतून काढून आणला. पहिली बाज गाळावर उलटी, पाय वर करून टाकली आणि भिवराबाई तिच्यावर रांगत गेली. बाज थोडी दबली, पण थांबली. मागून दुसरी पुढं सरकवली, मग तिसरी. बायका हलक्या म्हणून त्याच पुढं होत्या. पुरुष काठावरून बाजा देत होते. ऊन कलायला लागलं तेव्हा भिवराबाईचा हात बोटीला लागला. शेवटचं अंतर दरवाज्यानं भरून निघालं.

मुलं आधी गेली. छबुबाईनं एकेकाला पुढं घेऊन, त्याच्या कमरेला पदर बांधून नेलं. मग पुण्याच्या बायका गेल्या. गीताबाई उठल्या आणि परत बसल्या.

"माझ्यानं न्हाई व्हायचं," त्या म्हणाल्या.

"खाली बघू नका, वहिनी," भिवराबाई म्हणाली. "हा खूर धरा. आता पुढचा धरा. मी मागं हाय."

"मी पडले तर?"

"पडलाव तर दोघी पडू."

गीताबाई खुरांना धरत धरत गेल्या. मधे एका बाजेवर त्या थांबल्या आणि रडल्या. भिवराबाई त्यांच्या मागं गुडघे टेकून तशीच थांबली. मग त्या पुन्हा निघाल्या.

विठ्ठलराव आणि धुळाजी शेवटी आले. विठ्ठलराव अंगानं जड. काठाजवळची एक बाज त्यांच्या वजनानं मोडली आणि त्यांचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. पाय निघाला, बूट राहिला. त्यांनी दुसराही बूट काढून तिथंच टाकला.

सगळ्यांना डेअरीत नेलं. दरवाजा नसला तरी थंड खोली थंडच होती. पुण्याची मुलं फरशीवर पालथी पडली. गीताबाई भिंतीला टेकून बसल्या आणि बसल्या बसल्या झोपी गेल्या. छबुबाई घरचे दोन्ही हंडे घेऊन आली आणि मागेल त्याला तांब्या भरभरून देत राहिली. कळशीचा नियम त्या दिवशी कुणी काढला नाही. धुळाजी कोपऱ्यात ओल्या अंगानं बसला होता; त्याच्या अंगावर भिवराबाईनं गोधडी टाकली आणि त्याच्याजवळ बसून राहिली.

विठ्ठलराव अनवाणी उंबऱ्यावर बसले होते. अंधारून आलं तसे कंदील लागले.

"लाइट न्हाई का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई, मालक. गेल्या साली तुटली."

त्यांनी मान हलवली. नंतर गाड्या आल्या आणि सगळे गेले. दोन-तीन दिवसांनी वायरमन येऊन वीज जोडून गेला. ती कशानं जोडली हेही त्याला सांगता आलं नाही.

रिसाट त्यानंतर बंद पडलं. पुण्याच्या पार्टीनं एसी आणि फर्निचर काढून नेलं. पाणी पुरतं आटलं तशी टेकडी पुन्हा जमिनीला लागली. धनगर चालत बिरोबाला जाऊ लागले आणि शेरडं नारळाच्या वाळल्या झावळ्यांत तोंड घालू लागली. धुळाजीची नोकरी गेली. डेअरीतही कुणी येईना. पाणी नसलेला तलाव बघायला कोण येणार? गाळातून काढलेल्या बाजा सुकल्यावर त्यांचं सुंभ हातानं तुटत होतं. सगळ्या पुन्हा विणाव्या लागल्या. तेवढं काम बायकांनी उन्हाळाभर केलं, कारण दुसरं काम नव्हतं. छबुबाई आणि भिवराबाई समोरासमोर बसून विणायच्या. आधी गप्प बसून, मग बोलत.

पाऊस त्या साली उशिरा आला, पण आला तो तलाव भरूनच थांबला. टेकडीचं पुन्हा बेट झालं. तरी दिवाळीनंतर संस्थेतल्या निम्म्या बायका कोयता घेऊन नवऱ्यांबरोबर कारखान्यांवर ऊसतोडीला गेल्या. मुक्कामाच्या पैशात सगळ्यांचं भागेल असं कधीच नव्हतं. छबुबाई नातवाला सांभाळायला म्हणून सुनेबरोबर गेली. भिवराबाई आणि दोन म्हाताऱ्या मागं राहिल्या. पक्ष्यांच्या फोटोंसाठी पोरं पुन्हा येऊ लागली, एखादं कुटुंब यायचं. धुळाजीनं भोयांच्या भागीत जुनी होडी घेतली आणि तो पाहुण्यांना बेटाभोवती फिरवू लागला.

त्याच्या पुढच्या थंडीत, दुपारच्या एसटीनं गीताबाई आल्या. एकट्या. हातात कापडी पिशवी आणि काखेत वळकटी. भिवराबाईनं त्यांना ओळखलं आणि रस्त्याकडं पाहिलं, जीप नव्हती.

"वहिनी, तुमी? एसटीनं?"

"जागा हाय का?" गीताबाईंनी विचारलं.

"तुमच्यासाठी कुठं बी हाय. माझ्या घरी चला."

"घरी नको," गीताबाई म्हणाल्या. "तिथं आले की मी पाहुणी होत न्हाई, विठ्ठलरावांची बायकू होते. मला हितं ऱ्हायचंय. सगळे ऱ्हातेत तसं."

भिवराबाईनं खिडकीजवळची बाज झटकून दिली. गीताबाईंनी स्वतःची वळकटी सोडली. संध्याकाळी स्वयंपाक चालू असताना त्या उठून चुलीपाशी आल्या आणि पीठ मळायला बसल्या. भिवराबाईनं परात ओढून घेतली.

"पाहुणी म्हनलाव ना? मंग बसा."

गीताबाई बसल्या, पण त्यांना बसता येत नव्हतं. हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून त्यांनी पाहुण्यांचंच केलं होतं. पुढाऱ्यांचं, साहेबांचं, कार्यकर्त्यांचं. कधी कुणी वाढलेलं बसून खाल्लं ते आपल्या माहेरी, आष्टीला, आणि आई गेल्यावर तेही नाही, असं त्यांनी जेवताना सांगितलं. फार काही दुःखानं सांगितलं असं नाही. आठवलं म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी धुळाजीनं त्यांना होडीतून नेलं. होडीत पाय ठेवायला त्यांना वेळ लागला. भिवराबाई बरोबर आली. बेटावर उतरून त्या एकेका खोलीत डोकावल्या. कौलं फुटली होती, एका खोलीत वटवाघळं होती. हौदात पावसाचं पाणी साचून हिरवं झालं होतं.

"इतक्या येळा आले हितं," गीताबाई म्हणाल्या, "पन एकदाही स्वस्थ बसले न्हाई. मागं स्वयंपाकघर होतं ना, तिथंच असायची. आचाऱ्याला पुरनपोळी जमायची न्हाई."

त्या पायरीवर जरा वेळ बसल्या. भिवराबाई बिरोबाला नारळ फोडून आली.

तिसऱ्या दिवशी जीप आली. ड्रायव्हरनं मालकांनी बोलावलंय म्हणून सांगितलं. गीताबाई म्हणाल्या, रविवारी येते. ड्रायव्हर घुटमळला.

"मालक म्हनले, घेऊनच ये."

"त्यांना सांग, घरात पाहुणे असले तर चुलीला बाई बघा एखादी. मी रविवारच्या एसटीनं येते."

जीप गेली. भिवराबाईला भीती वाटत होती. विठ्ठलराव स्वतः येतील, काहीतरी म्हणतील, पुन्हा वीज जाईल, असं तिच्या मनात येत राहिलं. शनिवारी संध्याकाळी विठ्ठलराव आलेच. फाटकापाशी उभे राहून त्यांनी आत पाहिलं. गीताबाई पक्ष्यांच्या फोटोंना आलेल्या दोन पोरांबरोबर अंगणात बसून शेंगा फोडत होत्या आणि पोरं त्यांना कॅमेऱ्यातले पक्षी दाखवत होती. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं आणि उठल्या नाहीत.

"बरं हाय ना?" विठ्ठलरावांनी विचारलं.

"बरं हाय."

"रविवारी येणार ना?"

"येते म्हनले ना."

भिवराबाई पाण्याचा तांब्या घेऊन पुढं झाली आणि जेवून जा म्हणाली. कुणीतरी वाट बघत असल्यासारखं त्यांनी घड्याळ पाहिलं, नको म्हणाले, पाणी प्याले आणि गेले.

रविवारी गीताबाई एसटीनं घरी गेल्या. चैत्रात त्या परत आल्या, तेव्हा आष्टीहून त्यांच्या दोन बहिणी बरोबर होत्या. छबुबाई तोपर्यंत याही वर्षीच्या ऊसतोडीवरून परत आली होती आणि पाळी तिची होती. पाणी त्या साली पुरेसं होतं. तिघी बहिणी चार दिवस राहिल्या, दुपारी थंड खोलीत पडून लहानपणच्या गोष्टी काढून हसायच्या, आणि त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत यायचा.